तरीवरचा उलटा किल्ला

१

"तीन रात्री झावळांखाली निजान माझी कंबर गेली ती गेली, आणि ह्येंचा आपला एकच, हवा काय बरी! हवा खावा मगे. घराक गेल्यावर जेवक मागू नका!"

सुगंधा हे आपल्याशीच पुटपुटली होती. पण होडीत माणसं, शेळ्या आणि कोंबड्यांचे झाप अशी काही दाटी होती की शेजारी बसलेल्या सुनीतीबाईंच्या कानात शब्द न् शब्द पडला. त्यांनी न ऐकल्यासारखं केलं. सुगंधाचे 'हे' म्हणजे गावचे मानकरी भिकाजी होडीच्या टोकाला उभे होते. त्यांनीही न ऐकल्यासारखं केलं. खाजणे गावात ही कला सगळ्यांनाच येत असे.

गावपळण आटोपून गाव परत येत होता. चार-पाच वर्षांनी एकदा रवळनाथ कौल द्यायचा आणि मग घरांना कुलपं घालून, गुरंढोरं, कुत्रीमांजरं बरोबर घेऊन अख्खा गाव खाडीपलीकडच्या माळावर राहायला जायचा. तीन रात्री गावात चूल पेटायची नाही की माणसाचा आवाज निघायचा नाही. तेवढे दिवस गाव देवाचा आणि देवाच्या गणांचा. माणसांची एकमेव होडी, म्हणजे शिवा तारी चालवायचा ती तर, तीसुद्धा पलीकडच्या काठाला बांधून ठेवायची. पळण मोडली तर गावावर अरिष्ट येतं, अशी समजूत. नवे पैसे चलनात आले त्या वर्षीची ही पळण मात्र गोडीगुलाबीनं पार पडली होती. निदान होडी धक्क्याला लागेपर्यंत सगळ्यांना तसं वाटत होतं.

धक्क्याच्या वरच देवळाची धर्मशाळा. तिला तीन भिंती, दार नाही. तिथून गुरुदास मास्तरांची आरोळी आली.

"माझा मायागड! माझा मायागड नाहीसा झालाय!"

सुनीतीबाईंचा हा धाकटा भाऊ. गावाशी मालवणीत बोलायचा, बहिणीशी किंवा रागावला की शुद्ध. आज अगदी नाटकातलं बोलत होता. जत्रेसाठी त्यानं स्वतः 'मायागड' नावाचं नाटक लिहिलं होतं. कुठल्या नकाशावर नसलेला देश, पाचू नावाची नदी, तिच्या पैलतीरी ढगांना टेकलेला किल्ला. त्या नदीच्या होडीत खोटं बोलणारा माणूस बसला की होडी जागची हलत नाही. (तशी सोय शिवाच्या होडीला असती तर गावाला पोहूनच जावं लागलं असतं, असं सुनीतीबाईंनी पहिल्या वाचनाला म्हटलं होतं. मास्तर दोन दिवस जेवले नव्हते.) किल्ला, नदी आणि होडी असलेला मांजरपाटाचा मोठा पडदा त्यानं महिनाभर खपून रंगवला होता आणि खालच्या बांबूवर गुंडाळून धर्मशाळेत ठेवला होता. जत्रा चार दिवसांवर आली होती आणि पडदा गायब होता.

"गावात कोणी नसताना पडदा जाईल कसा?" मास्तर ओरडले.

उत्तर एकच होतं आणि ते उच्चारायची कोणाची छाती नव्हती. पळण मोडून कोणीतरी गावात आलं होतं.

सुनीतीबाई पायऱ्या चढताना लुगड्याचा काठ झटकायला वाकल्या आणि थबकल्या. पांढऱ्या लुगड्याला मागं ओला निळा डाग पडला होता, रंगाचा. सकाळपासून त्या शिवाच्या होडीखेरीज कुठेही टेकल्या नव्हत्या.

२

डाग इतरांनाही दिसायला वेळ लागला नाही. होडीची फळी उलटून बघितली तर तिच्या सांध्यात निळा रंग मुरलेला.

"शिवा," भिकाजी म्हणाले, "पळणीत होडी अलीकडे हाडलंस?"

शिवा पन्नाशीचा, काळा, काटक माणूस. त्याच्या बापाची, आजाची हीच तर. त्यानं वल्हं खाली ठेवलं.

"हाडलंय."

गर्दीतून हाय निघाली.

"कित्याक?"

"ता मी सांगूचंय नाय."

"पडदो तू नेलंस?"

"माका इचारू नका, मानकऱ्यांनू. मारा व्हया तर."

भिकाजींनी डोक्यावरचा फेटा सारखा केला. माणूस न्यायाचा, पण स्वतःच्या न्यायावर भलता खूश. "उद्या दुपारी देवासमोर बसूया. तोवर तुका सांगूचा ता सांग. नायतर हे होडीची दोरी दुसऱ्याच्या हातात जायत."

शिवा होडी बांधायला वाकला. त्याची बायको मात्र तिथेच धक्क्यावर खाली बसली. तर गेली म्हणजे घरातलं सगळंच गेलं, हे तिला कोणी समजावून सांगायला नको होतं.

"शिवाक कित्याक धरतास?" मागून गंगारामनं तोंड घातलं. "पडद्याचा वाकडा कोणाचा होता, ता बघा."

गंगाराम हा भिकाजींचा धाकटा भाऊ. एका फणसावरून दोघांत सहा वर्षं अबोला. फणस मध्येच वादळात पडून गेला, अबोला उभाच राहिला. दोघांच्या चुली वेगळ्या झाल्या, दारं वेगळी झाली. बोलायचं झालं तर तिसऱ्याच्या तोंडून.

"मास्तर," भिकाजी भावाच्या अगदी कोपराला कोपर लागेल असे उभे राहून म्हणाले, "त्येका सांगा, राजाचा काम मागितलेल्यान त्येनीच. ता माका गावला म्हणान जळता तो. पडदो फाडूचो म्हणालेलो चावडीवर."

"मास्तर, तेंका सांगा, फाडूचो म्हणालंय. चोरूचो नाय म्हणालंय!"

मास्तर बिचारे कोणाला काय सांगणार! दोघांनाही सगळं ऐकू जात होतं.

एवढ्यात शेजारच्या आनंदीबाईंनी सुनीतीबाईंचा पदर ओढला आणि त्यांना धर्मशाळेच्या आडोशाला नेलं.

"बाई, माणसाचा काम नाय ह्या," त्या कुजबुजल्या. "माझ्या डोळ्यांनी बघलंय. काल सांजचा टोप घासूक पलीकडच्या काठार बसलंय. धुक्यात समोर बघतंय तर हयसर, धक्क्यार, किल्लो! बुरूज, झेंडो, सगळा. हातातलो टोप खाडीत गेलो. सुगंधाचोच टोप, तिका सांगू नका."

"मायागड?"

"तो कसो आसात? मास्तराचो किल्लो आमी बघलेलो नाय? ह्यो उलटो होतो, बाई. बुरूज खाली, पाणी वर. देवचाराचे पाय उलटे आसतत, तसो तेचो किल्लो!"

३

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनीतीबाई भावाला घेऊन धक्क्यावर आल्या. आनंदीबाईंनी एका सापाचे तीन साप केल्याचं गावाला ठाऊक होतं. तेव्हा आधी किल्ला खरंच उलटा होता का, हे बघायला हवं होतं.

"गुरु, तुझी पाचू नदी कसल्या रंगाची?"

"हिरवी. नावच पाचू तिचं."

"मग निळा रंग कुठे दिलास?"

"आभाळाला. अगदी वरची पट्टी." मास्तर बोलता बोलता थांबले. "म्हणजे होडीला लागला तो..."

"आभाळाचा. पडद्याची वरची बाजू भिजली आणि खालची कोरडी राहिली. पडदा नुसता पाण्यात पडला असता तर हिरवाही लागला असता. आनंदीबाई यावेळी खरं बोलल्या. पडदा उलटाच टांगला होता आणि भरतीचं पाणी आभाळाला लागलं."

धक्क्याच्या कडेला जाळी वाळत घालायचे दोन खांब होते, वर बेचकी असलेले. सुनीतीबाईंनी दोन्ही बेचक्यांत हात फिरवला. मग त्या मास्तरांकडे वळल्या.

"समज, तुला गावाला घाबरवायचंय. मायागड दाखवून. कसा टांगशील?"

"सरळ. उलटा कोण टांगेल?"

"ज्याला चित्राशी काही देणंघेणंच नाही तो. बांबू आयता होता, तो बेचक्यांत ठेवला आणि कापड सोडून दिलं. बांबू तुझ्या पडद्याच्या खालच्या कडेला. म्हणजे खालची कडा वर गेली. त्या माणसाला किल्ला दाखवायचा नव्हता रे. कापड दाखवायचं होतं. मोठ्ठं, पलीकडून दिसेल असं."

खाली शिवा होडीतलं पाणी उपसत होता. आज कदाचित शेवटचंच, म्हणून होडी घासूनपुसून लख्ख केली होती त्यानं. सुनीतीबाई पायरीवर बसल्या.

"शिवा, एक इचारतंय. ज्या माणसाक कुकारो घालूक येना नाय, आवाज पलीकडे पोचना नाय, तो तुका कसो बोलावता?"

शिवाचा हात थांबला.

"कापड लावता," तो खाली बघत म्हणाला. "खांबार."

"आणि कापड दिसला की तू काय करतंस?"

"माझो बापूस जेवणाच्या पानावरसून उठा, बाई. पलीकडसून कोणी बोलवल्यान आणि तारी गेलो नाय, तर तो तारी कसलो?"

"मग सांग ना, कोण होता ता!"

"माका आण घातलेली आसा." त्यानं करवंटी पुन्हा पाण्यात घातली. "माझ्या झिलाची. तर गेली तरी चलात."

शिवाची पोराच्या नावाची शपथ ऐकून मास्तर वर येताना चिडून म्हणाले, "म्हणजे चोर त्याला ठाऊक आहे. पळण मोडून गावात घुसलेला माणूस..."

"घुसायला होडी लागते," सुनीतीबाई म्हणाल्या. "ज्यानं कापड लावून होडी बोलावली, तो होडीनं कसा आला असेल? तो आलाच नव्हता गुरु. तो गावातून गेलाच नव्हता."

४

आता प्रश्न साधा होता, पण विचारायचा कसा ते कठीण होतं. माळावर कोण नव्हतं?

आनंदीबाईंना विचारलं तर त्या तांदूळ पाखडत म्हणाल्या, "सगळे होते. आमका काय ठावक?" ही दोन वाक्यं एकापाठोपाठ आली की सुनीतीबाई सावध होत.

"किल्लो दिसलो त्याच्या आदल्या दिवशी धक्क्यार काय दिसला?"

"काय नाय. कोणाचा तरी लुगडा होता खांबार. सुकत घातलेला काढूक इसारली आसतली. आमी हसलंव. म्हटला, गाव सोडून जाताना आपला लुगडा इसारता, ती घोव पण इसारात!"

"कसला लुगडा?"

आनंदीबाईंचं सूप थांबलं. "लाल," त्या म्हणाल्या. मग फार हळू, "आलवण होता, बाई." आणि उठून आत गेल्या. तांदूळ तसेच राहिले.

जुन्या रीतीनं विधवेचं लाल आलवण नेसणारी गावात एकच म्हातारी उरली होती. अक्का. भिकाजी आणि गंगारामची आई.

सुगंधा अंगणात आमसुलं उलटत होती. "अक्का? ती माळार ना, गंगारामाच्या खोपीत. तिचो महिनो आमच्याकडचो संपलेलो. अवशेक ती थंय जाता. पळणीच्या सकाळी गाठोडा घेवन गेली ती, मी पायरीयेपर्यंत सोडलंय. मगे आमी कुलूप लावलंव."

"तू तिका थंय माळार बघलंस?"

"मी कशाक जातंय तेंच्या खोपीत! पाणी सुद्धा पियाक नाय सहा वर्सां."

धाकटीच्या, म्हणजे गंगारामच्या बायकोच्या, दारात दुसरं उत्तर तयार होतं. "अक्का ना, भावोजींकडे. म्हणजे महिनो आमचोच लागलेलो, पण पळणीच्या गडबडीत म्हाताऱ्या माणसाक कोण हलवता? ती इलीच नाय, मगे म्हटला, तेंनीच नेल्यानी. चार वेळा वाटला इचारूया. पण ह्येंनी सांगलेला, तेंच्या दारात तोंड उघडशीत तर बघ."

"आणि काल अक्का शिवाच्या होडीतसून इली तेव्हा?"

"रुक्मिणीवन्संकडसून ना? आमका वाटला, भावोजींनी धाडल्यानी."

रुक्मिणी ही अक्काची पलीकडच्या काठाला दिलेली लेक. सुगंधाला वाटलं होतं, गंगारामनं धाडली.

सुनीतीबाई वाटेवरच्या दगडावर बसल्या. दोन घरांच्या मधली ती वाट फार तर शंभर पावलांची. दर अवसेला म्हातारी गाठोडं घेऊन ती चालायची, मध्ये देवळात टेकायची, मग पुढं जायची. या अवसेला ती देवळातून उठून आली तेव्हा पुढच्या दाराला कुलूप होतं आणि मागच्याही.

माळावर अक्का कुठल्याच खोपीत नाही, हे बायकांच्या लक्षात आलं नसेल? तीन दिवसांत? आनंदीबाईंचं थांबलेलं सूप आठवून सुनीतीबाईंना उत्तर मिळालं. आलं होतं. पण बोलायचं म्हणजे दोन भावांच्या मध्ये पडायचं, आणि तिथं सहा वर्षांत कोणीच पडलं नव्हतं.

देवळातून घंटेचा आवाज आला. सभा बसत होती. सुनीतीबाई उठल्या आणि देवळाच्या उलट दिशेनं चालू लागल्या.

५

अक्का गंगारामच्या मागल्या पडवीत ऊन खात बसली होती. डोळ्यांत मोतीबिंदू, कंबरेत वाक. चाहूल लागताच म्हणाली, "सुनीती गो? बस. केळा खा."

"अक्का, पळणीत काय खाल्लंस?"

म्हातारीच्या गालांवर बारीक हसू पसरलं. "देवाच्या मागच्या केळी. देव काय बोलाक नाय. गाठोड्यात पोहे होते. पयलो दिवस बरो गेलो, खरा सांगतंय. कोण कोणाशी भांडना नाय, कोण माका हळू चल म्हणना नाय. मगे थंड पडली. आलवण लावलंय खांबार, कोणाक कळाक नाय. तेव्हा मास्तराचा कापड हाडलंय ओढीत. फुकट गेला काय गो ता?"

"शिवान तुका रुक्मिणीकडे नेल्यान."

"कापडातच गुंडाळून नेल्यान. काकडलंय होतंय. मी तेका आण घातलंय, कोणाक सांगू नको म्हणान." तिनं सुनीतीबाईंचा हात चाचपून धरला. "तू पण सांगू नको. माझे झील वायट नाय गो. तेंका कळला तर तोंड दाखवूक जागा रवाची नाय. माझा काय, मी जिती आसंय."

"अक्का, आता देवळात शिवाची तर काढून घेतत. तो बोलना नाय म्हणान."

हे म्हातारीला कोणी सांगितलंच नव्हतं. तिचा हात सुटला. ती भिंतीला धरून उठली, काठी शोधू लागली.

"चल," ती म्हणाली. "हळू चल म्हणशीत तर बघ."

देवळात गाव जमला होता. शिवा खांबाशी उभा होता, त्याच्यासमोर फरशीवर रुक्मिणीकडून आणवलेला पडदा. पडदा त्यानं आपणहून आणला होता, पण तोंड उघडलं नव्हतं. मायागडाचे वरचे बुरूज आभाळात विरघळून गेले होते. मास्तर ते चित्र पुन्हा पुन्हा बघत होते. ते बहीण जवळ येताच हळूच म्हणाले, "ताई, हा आधीपेक्षा खरा वाटतो गं. राहू दे असाच."

भिकाजी बोलायला उभे राहिले, तेवढ्यात अक्काची काठी फरशीवर वाजली.

"शिवाक सोडा," ती म्हणाली. आवाज बारीक होता, पण देवळात घुमला. "मी गावात रवलंय. शिवान माका पलीकडे नेल्यान. कापड मी लावलंय खांबार, तेका बोलवूक. पळण मोडली ती मी. दंड काय तो माका घाला."

शिवाची बायको पदराआड रडू लागली. भिकाजींनी आईकडे बघितलं, मग गंगारामकडे, सहा वर्षांत पहिल्यांदा सरळ तोंडाकडे. गंगारामही त्यांच्याकडेच बघत होता. आई तुझ्याकडे नव्हती? हा एकच प्रश्न दोघांच्याही चेहऱ्यावर होता, आणि दोघांनाही उत्तर एकदमच कळलं.

"खंय रवलंस तू, अक्का?" गुरवानं विचारलं.

"धर्मशाळेत. देवाच्या दारात."

गुरव म्हातारा होता आणि मुरलेला होता. त्यानं गाभाऱ्याकडे एकदा नजर टाकली. "मगे पळण मोडली कशी? घरांनी कोण रवाचा नाय, चूल पेटाची नाय. ही देवाकडे रवली, देवाची केळी खाल्ल्यान. देवाचो पावणो म्हणतत तेका. शिवान देवाचो पावणो पोचवल्यान. दंड नाय, काय नाय. शिवा, होडी सोड जा, माणसां खोळंबली आसत."

देवळानं श्वास सोडला. शिवा खाली वाकून अक्काच्या पाया पडला आणि डोळे पुशीत धक्क्याकडे निघाला.

"पण अक्का," मागून कोणीतरी विचारलं, "तू रवलंस कित्याक?"

"माझ्या मनान," अक्का लगेच म्हणाली. "म्हातारपणाची हौस. देवाची सोबत करूची म्हणान."

"होय तर!" आनंदीबाई घाईनं म्हणाल्या. "अक्काची भक्तीच तशी."

"तशीच," आणखी कोणी म्हणालं. बायकांनी माना हलवल्या, पुरुषांनी टोप्या झटकल्या. सुगंधा खाली बघत होती, धाकटी भिंतीकडे. उठायची वेळ झाली होती आणि सगळ्यांना एकदम घरची कामं आठवली होती. सुनीतीबाईंनी अक्काला शब्द दिला नव्हता, तरी त्या गप्प बसल्या. हे त्यांनी बोलायचं नव्हतं.

"बसा," भिकाजी म्हणाले.

सगळे पुन्हा बसले. भिकाजींनी डोक्यावरचा मानकऱ्याचा फेटा काढला आणि कुठे ठेवावा ते न कळून हातातच धरला. गंगाराम उठून त्यांच्याजवळ आला. त्यानं तो फेटा आपल्या हातात घेतला आणि भावाशेजारी उभा राहिला. मधे मास्तर नव्हते, कोणीच नव्हतं.

भिकाजी आईसमोर फरशीवर बसले.

"आये," ते म्हणाले, "तू रवाक नाय. आमी तुका इसारलंव."